मालवणच्या पाण्यातला बांगडा कोणत्या कायद्यात बसतो?

मालवण बंदरासमोर सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांना वेढून असलेलं 29.12 चौरस किलोमीटर पाणी 13 एप्रिल 1987 रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्यातलं 3.182 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, बाकीचं बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. प्रश्न त्यापुढे सुरू होतात. इथे जाळं टाकणं गुन्हा आहे का? फक्त गाभ्यात की बफरमध्येही? स्कूबाला पर्यटक नेले तर परवानगी कोणाची घ्यायची? मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना खिशात असताना वनविभाग होडी अडवू शकतो का?

या प्रश्नांची उत्तरं माणसागणिक बदलतात, आणि त्याचा दोष मी मच्छीमारांना किंवा स्कूबावाल्यांना देणार नाही. एकाच पाण्यावर दोन कायदे लागू आहेत, दोन खाती ते राबवतात, आणि दोन्ही कायदे माशाकडे अगदी वेगळ्या नजरेनं पाहतात. ती नजर एकदा समजली की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

पहिला कायदा मच्छीमारांच्या रोजच्या परिचयाचा: महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंत तो चालतो. नौकेची नोंदणी, मासेमारीचा परवाना, जाळ्याच्या आसाचा (भोकाचा) आकार, कोणत्या पट्ट्यात कोणती नौका, हे सगळं त्यातून येतं. 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना याच कायद्याखाली लागते. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानं निर्बंध आले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच उरला. प्रकाशझोतात मासे गोळा करून ओढण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, आणि 2021 मध्ये राज्यानं कायदा कडक करून एलईडीसाठी 5 लाखांपासून 20 लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची सोय केली. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर, पाण्यात उभं जाळं लावणारे गिलनेटवाले, छोट्या होड्यांवरचे पारंपरिक मच्छीमार या बंदीसाठी वर्षानुवर्षं भांडले आहेत. समुद्र राखायचा आग्रह बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांचाच असतो, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

या कायद्याच्या लेखी मासा म्हणजे उत्पन्न. तो पकडायचाच आहे; कधी, कशानं आणि कुठे पकडायचा एवढंच ठरवायचं आहे.

दुसरा कायदा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972. हा मूळचा रानातला कायदा. वाघ, हरणं, पक्षी यांचा विचार करून लिहिलेला. अभयारण्य याच कायद्याखाली जाहीर होतं, मग ते ताडोबाजवळचं असो की मालवणच्या समुद्रातलं. आणि अभयारण्याच्या हद्दीत माशाचं कायदेशीर स्थान कसं बदलतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं इथेच अडतं.

कायद्यात 'शिकार' ही फक्त अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, नावं असलेल्या प्राण्यांची होते. व्हेल शार्क, समुद्री कासवं, डॉल्फिन, घोडामासा, समुद्री काकडी, प्रवाळ ही नावं अनुसूचीत आहेत. बांगडा, सुरमई, तारली यांची नाहीत. त्यामुळे भर समुद्रात बांगडा पकडणं म्हणजे शिकार नव्हे, हे उघड आहे. पण अभयारण्यासाठी वेगळं कलम आहे, कलम 29. ते शिकारीबद्दल बोलत नाही. ते म्हणतं की अभयारण्यातले कोणतेही वन्यजीव नष्ट करायचे नाहीत, त्यांचा वापर करून घ्यायचा नाही, ते बाहेर न्यायचे नाहीत, आणि त्यांच्या अधिवासाला कोणत्याही कृतीनं बाधा आणायची नाही. इथे 'वन्यजीव' याची व्याख्या फार रुंद आहे. तिच्यात कोणताही प्राणी येतो, पाण्यातली वनस्पती येते, आणि 'प्राणी' म्हणजे मासेही, त्यांची अंडी आणि पिल्लंही. म्हणजे हद्दीबाहेर जो बांगडा साधा बाजाराचा मासा होता, तोच पोहत अभयारण्याच्या रेषेआत आला की वन्यजीव ठरतो. त्याला उचलणं कलम 29 च्या कक्षेत येतं.

यावर कोणी म्हणेल, मग वनविभागाकडून मासेमारीचा पास काढू. तसा पास या कलमाखाली मिळण्यासारखा नाही. मुख्य वन्यजीव रक्षक, म्हणजे राज्यात हा कायदा राबवणारे वनविभागाचे वरिष्ठ अधिकारी, परवानगी देऊ शकतात, पण वन्यजीवांची स्थिती सुधारण्यासाठी आणि अभयारण्याच्या चांगल्या व्यवस्थापनासाठी ती गोष्ट गरजेची आहे, अशी राज्य सरकारची राज्य वन्यजीव मंडळाशी सल्लामसलत करून खात्री पटली तरच. धंद्याच्या मासेमारीला हा निकष लावता येत नाही. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवानाही इथे ढाल होत नाही, कारण एका कायद्याचा परवाना दुसऱ्या कायद्यातली मनाई उठवत नाही.

आता गाभा आणि बफर. गाभ्यात बंदी आणि बफरमध्ये मोकळीक, असा समज बराच पसरलेला आहे. हा शब्दप्रयोग वाघांमुळे आपल्याकडे रुळला. व्याघ्र प्रकल्पांबाबत कायद्यात गाभा आणि बफर यांना खरोखर वेगळं कायदेशीर स्थान आहे, आणि तेही 2006 च्या दुरुस्तीनंतर. साध्या अभयारण्यासाठी कायद्यानं अशी विभागणी केलेली नाही. मालवणची विभागणी ही व्यवस्थापनाची सोय आहे. कुठे जास्त लक्ष ठेवायचं, कुठे सैल सोडायचं, हे तिच्यावरून ठरवता येतं. पण कलम 29 ची अक्षरं पूर्ण 29.12 चौरस किलोमीटरला सारखीच लागू पडतात. बफरमध्ये आजवर कोणी अडवलं नाही, ही सवलत आहे; हक्क नाही. एखादा नवा अधिकारी आला आणि त्यानं कायदा अक्षरशः लावायचं ठरवलं, तर बचावाला 'हे तर बफर होतं' एवढं पुरणार नाही.

ही गोष्ट मला अस्वस्थ करते. गाबीत समाजाची आणि इतर मच्छीमार कुटुंबांची मासेमारी या पाण्यात 1987 च्या कितीतरी आधीपासूनची आहे. सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी 1664 साली बांधायला घेतला, तेव्हाही या खडकांभोवती होड्या होत्या. अशा लोकांचं रोजचं काम कायद्याच्या अक्षरात गुन्ह्याच्या काठावर ठेवायचं आणि प्रत्यक्षात डोळेझाक करायची, यात समुद्राचंही भलं नाही आणि माणसाचंही. डोळेझाक केव्हा थांबेल हे मच्छीमाराला कळत नाही, आणि ती कायम राहिली तर प्रवाळालाही संरक्षण मिळत नाही.

मग हक्कांचं काय? कायद्यानं त्यांचा विचार केलाय, पण उशिरा आणि अर्धवट. जमिनीवर अभयारण्य करताना सरकार आधी इरादा जाहीर करतं. मग जिल्हाधिकारी लोकांचे हक्क तपासतात, दावे ऐकतात, आणि कलम 24 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून काही हक्क चालूही ठेवू शकतात. 2022 च्या दुरुस्तीनं, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, असे चालू ठेवलेले हक्क बजावणं हे कलम 29 चा भंग मानलं जाणार नाही, हे स्पष्ट लिहिलं. चांगली गोष्ट झाली. पण प्रादेशिक समुद्राला, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याला, 1991 च्या दुरुस्तीनं या वाटेवरून बाजूला काढलं आहे. समुद्राचा भाग कलम 26अ खाली थेट अभयारण्य जाहीर होऊ शकतो. हक्कांची ती लांबलचक चौकशी तिथे बंधनकारक नाही. तिच्याऐवजी तीन अटी आहेत. केंद्र सरकारची आधी संमती घ्यायची. हद्द ठरवताना केंद्र सरकारच्या नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांचा सल्ला घ्यायचा, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करण्यासाठी पुरेशी उपाययोजना केल्यानंतरच अधिसूचना काढायची.

ही तिसरी अट प्रत्येक मच्छीमार संस्थेनं पाठ करून ठेवावी अशी आहे. संपूर्ण वन्यजीव कायद्यात मच्छीमाराच्या पोटापाण्याची इतकी स्पष्ट दखल दुसरीकडे क्वचितच सापडेल. मात्र 'पुरेशी' म्हणजे किती, याची व्याख्या कायदा देत नाही. आणि मालवणच्या बाबतीत कालक्रमच उलटा पडला: अभयारण्य 1987 चं, अट 1991 ची. जी गोष्ट अधिसूचनेआधी व्हायला हवी होती, ती मागणी मालवणात अधिसूचनेनंतर करत राहावी लागली. स्थानिकांचा विरोध इतकी वर्षं का टिकला, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

काहींना वाटतं की आंदोलन केलं, मंत्र्यांकडे शिष्टमंडळ नेलं, की अभयारण्याची हद्द कमी करून मिळेल. राज्य सरकारला तो अधिकार एकट्यानं नाही. अभयारण्याच्या हद्दीत बदल राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय करता येत नाही. दिल्लीपर्यंत जाणारी ही वाट लांब आहे, आणि ती लांबच असावी असं मला वाटतं. नाहीतर मच्छीमारांच्या नावानं कमी केलेली हद्द उद्या जेट्टी आणि रिसॉर्टच्या कामी येईल.

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ. अभयारण्याच्या पाण्यातून नुसतं पलीकडे जायचं असेल तर? कलम 26अ मध्येच लिहिलंय की प्रादेशिक समुद्रातून कोणत्याही जहाजाला किंवा होडीला निरुपद्रवी ये-जा करण्याचा जो हक्क आहे, त्याला अभयारण्याच्या अधिसूचनेनं धक्का लागत नाही. म्हणजे जाळं होडीत गुंडाळलेलं आणि होडी सरळ आपल्या वाटेनं निघालेली, एवढ्यावरून कोणाला गुन्हेगार ठरवता येणार नाही. जाळं पाण्यात गेलं की मामला कलम 29 चा.

पर्यटनासाठी कलम 28 आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार, या कारणांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक प्रवेशाची परवानगी देऊ शकतात, शुल्क आणि अटी घालून. किल्ला पाहायला येणारा, पाण्यात डोकावणारा, बुडी मारणारा पर्यटक या कलमात बसतो. पण परवानगी प्रवेशाची असते, नासधुशीची नव्हे. आणि खरं सांगायचं तर मालवणच्या प्रवाळाची मला जास्त काळजी वाटते ती इथे. उथळ पाण्यातल्या प्रवाळावर होडीचा नांगर टाकला, पर्यटकानं फोटोसाठी त्यावर पाय रोवला, कोणी आठवण म्हणून तुकडा मोडून घेतला, तर ती कृती फक्त कलम 29 पुरती राहत नाही. खडक बांधणारे प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्री पंखे हे पहिल्या अनुसूचीतले जीव आहेत. कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या पंगतीला बसतात. अभयारण्याबाहेरही त्यांना हात लावणं गुन्हा आहे. प्रवाळ म्हणजे दगड, अशी समजूत घेऊन येणाऱ्या पर्यटकाला पाण्यात उतरण्याआधी हे सांगणं स्कूबावाल्यांचं काम आहे, आणि चांगले स्कूबावाले ते सांगतात.

सुरुंगाची दारू, रसायनं किंवा जिवांना घातक ठरणारे पदार्थ वापरण्यावर कलम 32 ची स्वतंत्र बंदी आहे. शिवाय कलम 29 मधले 'कोणत्याही कृतीनं' हे शब्द फक्त मच्छीमाराला उद्देशून नाहीत. अधिवास बिघडवणारं सांडपाणी, भराव, गाळउपसा, बांधकाम हेही त्यात येतात. त्यात भर म्हणून मालवण हा 2011 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्र म्हणून नोंदलेला आहे. तरीही अभयारण्याची चर्चा सुरू झाली की सगळ्यांची बोटं होडीकडेच वळतात. गटाराच्या तोंडाकडे फार थोडी वळतात. कायदा मात्र दोघांना एकाच वाक्यात धरतो.

शिक्षेतही दोन्ही कायद्यांची जात वेगळी आहे. मासेमारी कायद्याचा भंग झाला तर प्रकरण मुख्यतः दंडाचं, आणि तो ठरवण्याचे अधिकार 2021 नंतर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. वन्यजीव कायद्याखाली मात्र फौजदारी खटला उभा राहतो. साधारण गुन्ह्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतचा गुन्हा असेल, किंवा अभयारण्यात शिकार केली असेल, तर किमान 3 वर्षं आणि कमाल 7 वर्षं कैद, सोबत किमान 25 हजार रुपये दंड. गुन्ह्यासाठी वापरलेली होडी आणि जाळं जप्त झालं की ते सरकारची मालमत्ता ठरू शकतं, अशी तरतूद कलम 39 मध्ये आहे. छोट्या मच्छीमारासाठी दंडापेक्षा हीच भीती मोठी. होडीवर कर्ज असतं, आणि होडी गेली की कर्ज तेवढं राहतं.

जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क चुकून अडकला, तर घाबरून लपवालपवी करू नये. महाराष्ट्रात डिसेंबर 2018 पासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाची एक योजना चालू आहे. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जीव सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज, एवढ्यावर ती मिळते. दोन खात्यांनी मच्छीमाराला आरोपी न मानता भागीदार मानलं की काय होऊ शकतं, याचं हे उत्तम उदाहरण आहे. तोच हात अभयारण्यातल्या मासेमारीच्या प्रश्नावर पुढे यायला हवा.

तसा हात पुढे करण्याची वाट कायद्यात आहे का? आहे. 2002 च्या दुरुस्तीनं 'संवर्धन राखीव क्षेत्र' हा नवा प्रकार आणला. तो जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी बोलावं लागतं, आणि तिथे आग, घातक पदार्थ, प्राण्यांना त्रास यांबद्दलची कलमं लागू होतात, पण कलम 29 लागू होत नाही. तमिळनाडूनं सप्टेंबर 2022 मध्ये पाल्कच्या सामुद्रधुनीजवळ 448 चौरस किलोमीटर समुद्र डुगाँग या सागरी सस्तन प्राण्यासाठी अशाच रीतीनं राखला. तो देशातला डुगाँगसाठीचा पहिला राखीव भाग. समुद्री गवत वाचवायचं, आणि मच्छीमारांना हुसकावायचं नाही, असा तो मार्ग आहे. याउलट टोक पाहायचं तर ओडिशातलं गहिरमाथा. 1997 मध्ये जाहीर झालेलं, 1435 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य ऑलिव्ह रिडले कासवांसाठी आहे, आणि तिथे शिरणारे ट्रॉलर पकडले जातात. लाखो कासवं जिथे एकत्र येतात तिथे तेवढा कडकपणा मला योग्य वाटतो. मालवणच्या खडकांभोवती गळ टाकणाऱ्या माणसाला तोच मापदंड लावणं मात्र योग्य वाटत नाही.

एक शेवटची अडचण प्रतिनिधित्वाची. कलम 33ब प्रमाणे प्रत्येक अभयारण्याला सल्लागार समिती हवी. तिची यादी कायद्यातच दिलेली आहे: मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचे प्रतिनिधी, स्थानिक आमदार, पंचायतराज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रात काम करणारे तिघं, गृह आणि पशुवैद्यक खात्यांचा एकेक, मानद वन्यजीव रक्षक. ही यादी दोनदा वाचा. तिच्यात मत्स्यव्यवसाय विभाग नाही. मच्छीमार सहकारी संस्था नाहीत. पशुवैद्यक आहे, कारण ही यादी करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर गुरं चरणारं रान होतं. शिवाय मालवण शहरात नगरपरिषद आहे, पंचायत नाही. म्हणजे अभयारण्याला सर्वांत जवळ असलेल्या गावाचा लोकप्रतिनिधी आमदारांशिवाय या यादीत थेट बसतच नाही. मात्र पंचायतीचे, संस्थांचे आणि वन्यजीव क्षेत्रातले प्रतिनिधी निवडताना मासेमारीतली माणसं घ्यायला कायदा मना करत नाही. ती मागणी आजही करता येते.

त्या मागणीसोबत वनविभागाकडे तीन कागद लेखी मागावेत, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात. 1987 ची मूळ अधिसूचना. हद्दीचे अक्षांश-रेखांश दिलेला नकाशा, कारण समुद्रात कुंपण नसतं आणि जीपीएसवर हद्दीचे आकडे टाकल्याशिवाय आपण आत आहोत की बाहेर हे तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, कळायची सोय नाही. आणि सध्याचा व्यवस्थापन आराखडा. 2022 च्या दुरुस्तीनंतर अभयारण्याचं व्यवस्थापन मंजूर आराखड्याप्रमाणेच करायचं आहे, म्हणून मासेमारीबद्दल त्यात काय लिहिलंय, आणि काय लिहायचं राहिलंय, हे मच्छीमार संस्थेच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं जायला हवं.